मालकाने समक्ष यावे

तिसऱ्या खेपेलाही फाईल परत आली, तेव्हा ताईंनी मास्तरांना न विचारता दोघांच्या धाकट्या भावाला फोन लावला. इस्पितळाच्या धोबीखान्यात सगळा जन्म मुकादमी केलेली बाई ती, फोनवर लाडीगोडी लावणं तिच्या स्वभावातच नाही. गाडी पुरात गेली, गाडी तुझ्या नावावर आहे, विम्याच्या ऑफिसातले म्हणतात मालकाने समक्ष यावे, तर ये. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भावजयीला म्हणाल्या की आता तुझ्या नवऱ्याला तू सांभाळ, मी माझं काम केलं.

मास्तरांनी आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि अंगणात जाऊन उभे राहिले. अंगणात आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. गल्लीच्या भिंतींवर कमरेच्या वर पाण्याची तपकिरी रेघ होती आणि जिथे रोज सकाळी 'मावशी' उभी असायची तिथे वाळलेला गाळ होता. मावशी म्हणजे गाडी. शिकाऊ पोरांनीच हे नाव पाडलेलं. गियर खरडा, खड्ड्यात घाला, चढावर बंद पाडा, कशाचाही राग धरत नाही, म्हणून मावशी. गावातल्या निम्म्या लोकांनी स्टिअरिंग पहिल्यांदा धरलं ते तिचंच. शिकवणाऱ्याच्या बाजूला जास्तीचा क्लच आणि ब्रेक असलेली ती गाडी होती म्हणून मास्तरांचा ड्रायव्हिंग क्लास होता. आता गाडी नाही तर क्लासही नाही, आणि विम्याची भरपाई मिळाली नाही तर दुसरी गाडी या जन्मी नाही. मास्तरांना दुसरं काहीही येत नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

मुळात हा घोळ आजोबांपासूनचा. आजोबांनी घराला एक नियम घालून दिला होता की कुठलीही मोठी वस्तू घेणाऱ्याने स्वतःच्या नावावर घ्यायची नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर घ्यायची. म्हणजे वापरणाऱ्याला मालकाशी आणि मालकाला वापरणाऱ्याशी गोडीनं राहावं लागतं, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे या घराची कुठलीच वस्तू धड नाही. घर ताईंच्या नावावर, आणि त्या तीस वर्षं सासरी राहून नवरा गेल्यावर परत आल्या तेव्हा स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या दारात उभ्या राहिल्या होत्या. क्लासची पाटी मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या नावावर, ज्यांना सायकलसुद्धा येत नाही. आणि गाडी घेतली मास्तरांनी, स्वतःच्या कमाईतून, ती धाकट्याच्या नावावर. त्याला तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलं होतं. कुठल्याही ऑफिसात जायचं म्हटलं की या लोकांना वरात घेऊन जावं लागतं. पण मालक आणि वापरणारा भांडलेच तर काय करायचं, हे काही आजोबांनी सांगून ठेवलं नव्हतं.

आणि ते भांडले. भांडण तरी केवढं? बारक्याला, म्हणजे धाकट्याला, दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी लागली. मास्तरांच्या मनात त्याने क्लास पुढे चालवावा असं होतं. ते मनातलं मास्तर कधी बोलले नव्हते, आणि बारक्याने ते न बोलताच ओळखावं अशी त्यांची अपेक्षा होती. आईला जाऊन काही महिने झाले होते तेव्हाच्या एका संध्याकाळी शब्दाने शब्द वाढला आणि मास्तर म्हणाले, गाडी तुझ्या नावावर आहे ना, मग घे ती आणि चालता हो. बारक्याने गाडी घेतली नाही. चालता मात्र झाला. पाच वर्षं झाली त्याला. तिऱ्हाईताला सांगितलं तर तो विचारेल, बस, एवढंच? पण घरातली भांडणं एवढीशीच असतात, म्हणून तर ती मिटवायला पुढे होण्याची प्रत्येकाला लाज वाटते.

बारक्या आला तेव्हा वहिनी टेबलावर कागद इस्त्री करत होत्या. गाडीच्या खणात राहिलेलं नोंदणीपुस्तक चार दिवस पाण्यात होतं. वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करतात. भिंगं पुसायचे मऊ कागद त्यांनी दुकानातून आणले होते आणि एकेक भिजकं पान दोन कागदांत घालून, इस्त्री जेमतेम कोमट ठेवून, त्या फिरवत होत्या. इतक्या नाजूक हाताने त्यांनी कधी साडीलाही इस्त्री केली नसेल. दारात सावली पडली म्हणून त्यांनी वर पाहिलं. कानशिलावरचे केस पिकलेला एक उंच माणूस पिशवी घेऊन उभा होता. हा शाळेत असताना त्या या घरात आल्या होत्या. याची नखं त्यांनी कापली होती, गणितं सोडवून घेतली होती, नापास झाल्याचं घरात लपवलं होतं. त्यांना रडू आलं आणि त्याच वेळी त्याच्या एक थोबाडीत द्यावीशीही वाटली. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. पायावर पाणी घे म्हणाल्या आणि इस्त्री बंद केली.

मास्तर खिडकीशी पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते. ते पाठ तशीच ठेवून वहिनींना म्हणाले की त्याला विचार, काही खाऊन आलाय का. बारक्या तीन हातांच्या अंतरावर उभा होता. तो वहिनींना म्हणाला की दादाला सांग, स्टँडवर खाल्लं. मग मास्तरांनी वहिनींना सांगितलं की स्टँडवरचं खाऊन पोट बिघडतं हे त्याला लहानपणापासून सांगतोय. बारक्याने वहिनींना सांगितलं की आता सवय झाली आहे. अशी सगळी दुपार गेली. वहिनी मध्ये बसून इकडचं तिकडे पोचवत होत्या, आणि ताई आतल्या खोलीतून ऐकत कपाळाला हात लावत होत्या. मध्येच त्या बाहेर येऊन वहिनींना म्हणाल्या, तू पगार मागून घे गं या कामाचा. वहिनी हसल्या, पण मनातून त्यांना वाटत होतं, बोलताहेत ना, माझ्या तोंडून का होईना.

बारक्याने वहिनींना आडून आडून विचारून घेतलं की नेमकं काय झालं. वहिनींनी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. दुपारी नदीचं पाणी चढायला लागलं. गल्ली अरुंद, एका बाजूने बंद. गाड्या एकामागे एक लागलेल्या आणि मावशी सगळ्यांच्या आत, बंद टोकाला. गल्लीतले सगळे मास्तरांचेच विद्यार्थी, परवाने सगळ्यांच्या खिशात, पण त्या पावसात त्या बोळातून उलटी गाडी काढायची हिंमत एकाचीही होईना. सगळ्यांनी किल्ल्या आणून मास्तरांच्या हातात दिल्या. मास्तर एकेक गाडी मागे घेत बाहेर काढत होते, वर शाळेच्या मैदानात लावत होते, आणि धावत परत येत होते. शेवटी मावशीची पाळी आली तोवर पाणी आलं. यापुढचं वहिनींना माहीत नव्हतं. त्या तेव्हा ताईंना घेऊन शेजारच्या गच्चीवर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ गावाबाहेरच्या माळावर गेले. पुरातून ओढून काढलेल्या गाड्या तिथे रांगेने टाकल्या होत्या. विम्याच्या तपासनिसाला चासी नंबरचा ठसा हवा होता, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या आकड्यांवर कागद ठेवून, पेन्सिल घासून उमटवलेला. त्यासाठी कुणीतरी आत शिरून चिखल खरवडायला हवा. बारक्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याची सवय त्याला, चिखलाचं काही वाटलं नाही. वाटलं ते दार उघडल्यावर. मनात आलं होतं की ठसा घ्यावा, सही करावी, संध्याकाळची बस पकडावी. तिकीट काढूनच तो आला होता. पण शिकवणाऱ्याच्या बाजूचा तो जास्तीचा ब्रेक त्याच्या डोळ्यांसमोर आला. शिकणाऱ्याच्या ब्रेकवरचं रबर अजून शाबूत होतं. मास्तरांच्या ब्रेकवरचं झिजून खालचं लोखंड उघडं पडलं होतं. बारक्या स्वतः याच गाडीत शिकला होता. त्याला तेव्हा वाटायचं आपण किती झकास चालवतो, कधी कुठे ठोकली नाही.

तो काहीतरी बोलणार होता. पण मास्तर मागे उभे होते, दोन्ही हात पाठीमागे, आणि मध्ये वहिनी नव्हत्या. बारक्या आडवा झाला, आकडे पुसून काढले, कागद ठेवला, पेन्सिल घासायला लागला. पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने नुसता हात बाहेर काढला, तर त्या हातात टोक केलेली दुसरी पेन्सिल आली. मास्तरांनी ती घरूनच आणली होती. ठसा स्वच्छ उमटला. घरी येईपर्यंत दोघे एक शब्द बोलले नाहीत, पण परतताना मास्तर पुढे आणि बारक्या मागे असं न चालता दोघे शेजारी चालत होते, हे ताईंनी खिडकीतून पाहिलं आणि वहिनींना कोपराने ढोसलं.

दुपारी चौघेही ऑफिसात गेले. मालक म्हणून बारक्या, वापरणारे म्हणून मास्तर, साक्षीदार म्हणून ताई, आणि वहिनींशिवाय या लोकांचं पान हलत नाही म्हणून वहिनी. बोळासारखा लांब कॉरिडॉर, आणि त्यात सगळं गाव. ज्याच्या त्याच्या हातात पाण्याने फुगलेली फाईल. खिडकीवरच्या बाई दिवसभर तीच ती वाक्यं बोलून दमल्या होत्या, पण उद्धट नव्हत्या. मालक आले का, फार बरं झालं, असं म्हणून त्यांनी एक छापील कागद बारक्यापुढे सरकवला. गाडी कशी गेली ते मालकाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. तपासनिसाने शेरा मारला होता की गल्लीतल्या बाकी सगळ्या गाड्या वाचल्या आणि हीच एक बुडाली, हे संशयास्पद आहे. त्याचा खुलासा पटला नाही तर भरपाई नामंजूर. आणि फाईल आजच वर जायची होती.

बारक्या म्हणाला की मी तिथे नव्हतोच. बाई म्हणाल्या, मग ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडून ऐकून लिहा, पण अक्षर तुमचं हवं.

भिंतीला लागून एक बाक होता. एका टोकाला मास्तर बसले, दुसऱ्या टोकाला बारक्या, मध्ये वहिनी. ताई उभ्याच राहिल्या, गुडघ्यांचं निमित्त सांगून. खरं म्हणजे त्यांना तिघांचीही तोंडं बघायची होती. मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत वहिनींना सांगू लागले. वहिनी मान वळवून तेच बारक्याला सांगू लागल्या, आणि बारक्या लिहू लागला. पाणी कधी चढलं. आधी कुणाची गाडी काढली. मग कुणाची. बोलताना मास्तरांचा उजवा पाय फरशीवर दाबला जात होता.

शेवटी मावशीपर्यंत पाळी आली. "पाणी चाकाच्या वर होतं," मास्तर म्हणाले. "सुरू झाली. थोडी मागे आली. मग इंजिनात पाणी गेलं आणि बंद पडली."

वहिनींनी ते पोचवलं. बारक्याने लिहिलं. मग त्याने वहिनींना विचारलं की बंद पडल्यावर दादा लगेच बाहेर आला का, कारण कागदावर तसा प्रश्न आहे.

 मास्तर भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "नाही. बसून राहिलो. पाणी सीटपर्यंत आलं तरी बसलो होतो. शेवटी वाण्याच्या पोरांनी काच फोडून ओढलं."

हे वहिनींना माहीत नव्हतं. नवरा ओला होऊन परत आला, हाताला खरचटलेलं होतं, पडलो म्हणाला, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "का बसून राहिलात?"

"आपली असती तर सोडली असती," मास्तर म्हणाले. "त्याची गाडी. तो नसताना अशी कशी सोडून येणार?"

वहिनींनी हे बारक्याकडे पोचवलं नाही. पोचवायची गरजही नव्हती, त्याचं पेन थांबलं होतं. माणूस बुडून मेला असता, एका पत्र्याच्या डब्यासाठी, आणि आपल्याला पत्ता नाही. आपण गच्चीवर बसून ताईंना शाल पांघरत होतो. त्यांना इतका राग आला आणि इतकी माया दाटून आली की त्यांना तिथे बसवेना. त्या उठल्या. मास्तरांनी विचारलं, कुठे निघालीस, अजून संपलं नाही.

"माझं संपलं," वहिनी म्हणाल्या. "कालपासून तुमच्या दोघांचं टपाल वाहतेय. आता तुमचं तुम्ही बोला."

आणि त्या ताईंजवळ जाऊन भिंतीला टेकल्या. ताईंनी त्यांचा हात धरला. नणंद-भावजयीचं तसं कधी फारसं पटलं नाही. घर कुणाचं आणि चालवतं कोण यावरून दोघींमध्ये सतत काही ना काही धुसफुसत असे. पण त्या कॉरिडॉरमध्ये दोघी एका बाजूला झाल्या त्या झाल्याच.

बाकावर आता मध्ये रिकामी जागा होती. बारक्या कागदाकडे बघत राहिला. त्याच्या मनात येत होतं की मी पाच वर्षं समजत होतो, याला माझ्याशी काही देणंघेणं नाही. मग तो सरकून मधल्या जागेत आला. मास्तर तसूभरही हलले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढला आणि परत लावला.

"एकच प्रश्न राहिलाय," बारक्या म्हणाला. त्याने कागद दोघांच्या मध्ये धरला. घटनेच्या वेळी मालक कुठे होता, आणि वाहनाजवळ का नव्हता, असं तिथे छापलेलं होतं. छापणाऱ्याने ते सगळ्यांसाठी छापलेलं. "काय लिहू, दादा?"

पाच वर्षांत पहिल्यांदा ती हाक मधल्या कुणाला वळसा न घालता आली होती. मास्तरांनी प्रश्न दोनदा वाचला. त्यांना खरं उत्तर माहीत होतं आणि ते कुठल्याही सरकारी कागदावर लिहिता येण्यासारखं नव्हतं.

"लिही," ते म्हणाले. "मालक नोकरीनिमित्त बाहेरगावी राहतो."

बारक्याने लिहिलं.

"पण घरी येऊन-जाऊन असतो."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. बारक्याने बोटाने कागदाची खालची ओळ दाखवली. वरील मजकूर खोटा आढळल्यास मालक जबाबदार राहील. "हे वाचलंस का? मी पाच वर्षांत एकदा आलो नाही. आईचं वर्षश्राद्ध झालं तेव्हाही नाही. सही माझी आहे खाली. खोटं कसं लिहू?"

"खोटं लिही असं कोण म्हणालं?" मास्तर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, शिकाऊ पोरांना सांगतात तसा, पण शेवटी शेवटी जरा घसरला. "लिही आधी. मग खरं कर."

बारक्याने मान खाली घातली. ताईंना दिसलं की त्याचे खांदे हलताहेत, आणि त्यांनी तोंड फिरवून नोटीस बोर्ड वाचायला घेतला. मास्तरांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. तो तिथे कसा ठेवावा हे त्यांना नीटसं माहीत नसावं, कारण तो आधी थोडा वर होता, मग खाली आला आणि मग स्थिर झाला. कागदावर थेंब पडायच्या आत अक्षर नीट काढ, सरकारी कागद आहे, असं त्यांनी दटावलं. बारक्या नाक ओढत हसला आणि ते वाक्य लिहिलं. सही केली. ताईंनी साक्षीदार म्हणून आपलं टपोरं, धोबीखान्याच्या चादरींवर नंबर घालायचं ते अक्षर काढलं.

खिडकीवरच्या बाईंनी सगळा खुलासा वाचला. मध्ये एकदा मान वर करून त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि तपासनिसाच्या शेऱ्यावर स्वतःचा शेरा लिहिला की खुलासा समाधानकारक. मग शिक्का उचलला. पण शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. नियमाने वागणाऱ्या बाई, मोघम काही त्यांना चालत नसे.

"येऊन-जाऊन असतो म्हणजे? शेवटचे घरी कधी आला होतात?"

मागे वहिनींनी ताईंचा हात घट्ट दाबला.

"काल आलोय," बारक्या म्हणाला. "आता पुढच्या रविवारी परत येणार आहे."

बाईंनी ते समासात लिहून घेतलं आणि शिक्का मारला.